एक नग

स्वतःच्या घरासाठी गाळलेल्या घामाला मोल नसतं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. दोन हजार एकेचाळीसच्या एप्रिलपासून ते तासाला एकशे ऐंशी रुपये झालं. हे अकुशल श्रेणीत. कुशल श्रेणीला तीनशे चाळीस.

कायद्याचं नाव स्वगृहश्रम कायदा. त्यामागचा तर्क चुकीचा नव्हता, आणि तीच त्यातली वाईट गोष्ट होती. कचेऱ्यांतली आणि कारखान्यांतली निम्मी कामं यंत्रांकडे गेली, पगार आटले, पगारावरचा कर आटला, आणि रिकामी झालेली माणसं आपापल्या घराच्या भिंती पाडून पुन्हा बांधू लागली. आता नोकरी सोडलेला माणूस घराचं काम स्वतःच्या हातांनी करतो तेव्हा गवंड्याची मजुरी वाचवतो. म्हणजे ती मजुरी तो स्वतःच स्वतःला देतो. म्हणजे कमावतो. असं कुणीतरी मांडलं आणि कुणालाच ते खोडून काढता येईना.

त्यासाठी दोन्ही मनगटांवर श्रममापक आला. दिसायला राखीसारखा, फक्त सुटत नसे. स्नायूंतले बारीक विद्युतप्रवाह वाचून हात काय करतोय ते त्याला कळायचं: थापी चालवतोय की रंधा, खिळा ठोकतोय की स्क्रू पिळतोय. दोनशे चौदा कामं तो ओळखायचा. उचललेल्या वजनाचा तर तो अंदाज द्यायचा नाही, आकडा द्यायचा. एवढं सगळं येणाऱ्या यंत्राला एक गोष्ट करायची मनाई होती. संसदेत खासगी आयुष्यावरून बराच गदारोळ झाल्यावर कलम सात घालण्यात आलं: श्रममापकाने कोणत्याही व्यक्तीची नोंद करू नये. त्यामुळे त्याच्या जगात माणसं नव्हती. काम होतं आणि माल होता.

नितीन सुतारने त्याच वर्षी नोकरी सोडली. मिरजेत आणि आसपास सत्तावीस वर्षं तो वजनमापं तपासत हिंडला होता. किराणा दुकानातला तराजू, पेट्रोलपंपाची नळी, सोनाराचा काटा. बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर नोटीस. चोपन्नाव्या वर्षी त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे विचारायला फरीदा मुजावर मॅडमकडे गेला. त्या कर सल्लागार होत्या. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी द्यायच्या, कारण नंतर लागायचंच.

"घराचं काम," नितीन म्हणाला.

"घरकाम लिहू का? घरकामाला कर नाही."

"घरकाम नाही हो. घराचं काम. ओटा खाली आणायचाय. न्हाणीघराचं दार रुंद करायचंय. पुढच्या चार पायऱ्या काढून तिथे उतार करायचाय."

मुजावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुतारसाहेब, एका 'चं'चा फरक आहे. सगळा कर त्या 'चं'वर आहे. मी तो गाळते. तुम्ही पलीकडे बघा."

"सत्तावीस वर्षं लोकांचे ग्रॅम पकडले, मॅडम. आता 'चं' कसा गाळू?"

मॅडमनी निमूटपणे 'चं' लिहिला. पुढचा रकाना श्रेणीचा होता आणि तो यंत्राने आधीच भरून ठेवला होता. आडनाव वाचून आणि कुठल्यातरी जुन्या खानेसुमारीचा आधार घेऊन त्याने लिहिलं होतं: कुशल, सुतारकाम.

"हेही चूक आहे," नितीन म्हणाला. "सुतार माझे आजोबा होते. वडील वीज मंडळात कारकून. मला खिळा धरता येत नाही. आमच्या घरातली हातोडी बायकोच्या ताब्यात असते."

"आडनावावर आक्षेप घ्यायचा तर परीक्षा द्यावी लागेल."

त्याने ती दिली. आजोबांचा रंधा माळ्यावरून काढला, धूळ पुसली आणि श्रममापक बांधून एका फळीवर चालवला. यंत्राने चार मिनिटं त्याचे हात वाचले आणि आडनावाचा दावा मागे घेतला. अकुशल.

"चला," मुजावर मॅडम म्हणाल्या, "तासाला एकशे साठ रुपये वाचले. आता महिन्याच्या महिन्याला तक्ता येईल. काम संपलं की मूल्यांकन होईल. घराची किंमत जेवढी वाढेल त्यातला तुमच्या घामाचा वाटा करपात्र."

"वाढणारच की. एवढं काम केल्यावर."

"वाढणारच," मॅडम म्हणाल्या. यावर दोघांचं एकमत होतं.

ओटा खाली आणायचा होता तो रूपालीसाठी. रूपाली त्याची बायको, वय बावन्न. एका उपडाकघरात ती पोस्टमास्तर होती आणि तीन वर्षांपूर्वी डाकघर बंद झालं तेव्हा शेवटचं कुलूप तिनेच लावलं होतं. त्यानंतर भागातली पत्रं येतील तेव्हा येत. कुलूप लावून घरी आल्यावर वर्षभरात तिचे पाय जड झाले. आधी चप्पल निसटायला लागली, मग पायरी चुकायला लागली, मग डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणारे मज्जातंतू एकेक करून मरतात, असं त्या नावाचं मराठी. पाय गेले होते. हात राहिले होते. किती दिवस, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत धरून चला, पुढचं बोनस.

रूपालीची एकच मागणी होती. सकाळचा चहा स्वतःच्या ओट्यावर स्वतःच्या हाताने करायचा.

"दुसऱ्याने केलेला चहा म्हणजे पाहुणचार," ती म्हणायची. "मी माझ्या घरात पाहुणी नाही."

असं काम सहा दिवसांत करून देणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांची यंत्रं यायची, घर मोजायची आणि 'सुलभ गृह' करून निघून जायची. पण सुलभ गृहासाठी घरातल्या आजारी माणसाची 'पराधीन व्यक्ती' म्हणून नोंदणी करावी लागे, आणि पराधीन व्यक्तीच्या घरातली शेगडी कायद्यानेच तिच्या हाताला दाद देत नसे. चहा यंत्र करून द्यायचं. चांगला करायचं म्हणे.

म्हणून नितीन. तो अकुशल ठरल्याचं पत्रक रूपालीने चाकांच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

"माझ्या आईच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली असायची, इकडील सर्व कुशल. तुला पत्र लिहायची वेळ आली तर काय लिहिशील? इकडील सर्व अकुशल?"

"होईन की कुशल. शिकतोय."

"झालास की सांग," ती म्हणाली. "मी तार करून सगळ्यांना कळवीन."

तार बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

जुना ओटा चौतीस इंच उंच होता. तो एकोणतीसवर आणायचा आणि खालची कपाटं काढून खुर्चीत बसल्यावर गुडघे आत जातील एवढी जागा ठेवायची, असा नकाशा रूपालीने पोस्टाच्या उरलेल्या मनीऑर्डर फॉर्मच्या पाठीवर काढला होता. नितीनने ओटा फोडायला तीन दिवस घेतले. गवंड्याने अर्ध्या दिवसात फोडला असता, असं श्रममापकाने तक्त्यात नोंदवलं. पहिला कडप्पा त्याच्या हातून निसटून दुभंगला. दुसरा बसला, पण त्यावर ठेवलेलं लिंबू हळूहळू दाराकडे निघालं.

"आजोबा बघतायत," रूपाली म्हणाली.

"आजोबा लाकडात होते. हा दगड आहे."

"बरं झालं. नाहीतर आज वारले असते."

लोकांच्या तराजूंत दोन ग्रॅमचा झोल पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओट्यावर लिंबू थांबवता येईना, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने तो कडप्पाही काढला. दिवसभरात काम थोडं आणि थांबणं जास्त असायचं. खोलीतून हाक आली की थापी ठेवायची, हात धुवायचे, रूपालीला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून पुन्हा पलंगावर. न्हाणीघराचं दार चोवीस इंची असल्याने खुर्ची आत जात नसे. तिला हातांवर घेऊन तिरकं व्हावं लागे. आणि मग पुन्हा थापी.

पहिल्या महिन्याचा तक्ता घेऊन तो मुजावर मॅडमकडे गेला.

"गवंडीकाम समजलं," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "भिंत फोडणे समजलं. हा माल कोणता? चढवणे-उतरवणे, एक नग, एक्कावन्न किलो, एकशे अठ्ठावीस वेळा. कडप्पा इतक्यांदा कशाला उचललात?"

"कडप्पा नाही तो."

"मग?"

"रूपाली."

मुजावर मॅडमनी त्याच्यापुढचा पाण्याचा ग्लास उचलला आणि स्वतः प्यायल्या.

"त्याला माणूस नोंदवता येत नाही," त्या म्हणाल्या. "कलम सात. आणि हमालीला श्रेणीच्या दरावर अधिभार लागतो. पण यातून वाट आहे, सुतारसाहेब. वहिनींची पराधीन म्हणून नोंदणी करा. त्यांच्या हाताला एक पट्टा येईल. दोन पट्टे जवळ आले की काम शुश्रूषा धरलं जातं. शुश्रूषेला कर नाही. एक सही आहे फक्त. त्यांची."

तो फॉर्म घरी घेऊन गेला. रूपालीने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. ती फॉर्म असेच वाचायची. तीस वर्षांची सवय.

"आणि सही नाही केली तर मी कोण?"

"माल," नितीन म्हणाला. "एक नग."

"आई मला लहानपणापासून नगच म्हणायची. सरकारला आत्ता कळलं." तिने फॉर्म घडी करून परत दिला. "पराधीन होण्यापेक्षा माल बरा. मालाला निदान भाव असतो."

"रूपा, कर बराच येईल."

"येऊ दे. सही केली तर शेगडी बंद. मग तू ओटा कशासाठी करतोयस? लिंबं ठेवायला?"

त्याने फॉर्म रंध्याखाली ठेवला आणि तो तिथेच राहिला.

दर महिन्याला तक्ता येत गेला. मे, पन्नास किलो. जून, अठ्ठेचाळीस. जुलै, सेहेचाळीस. नितीन तक्ता घडी करून खिशात ठेवायचा आणि गवंडीकामाच्या तासांबद्दल बोलायचा. ऑगस्टचा तक्ता आला त्या दिवशी तो सिमेंटच्या दुकानात गेला आणि सीलबंद पोतं छातीशी धरून दहा वेळा उचललं. दुकानदार त्याला ओळखत होता. साहेब निवृत्त झाल्यावर असं होतं काहींना, असं त्याने नोकराला हळूच सांगितलं. श्रममापकाने दहाही वेळा एकोणपन्नास किलो नऊशे ग्रॅम दाखवले. नितीनने पोतं दुकानाच्या काट्यावर ठेवलं. एकोणपन्नास किलो नऊशे ग्रॅम. पूर्वी असतं तर कमी भरलेल्या शंभर ग्रॅमबद्दल त्याने तिथल्या तिथे नोटीस काढली असती. त्या दिवशी तो पोत्याकडे बघत उभा राहिला. आयुष्यभर त्याने काटा खरा आहे ना हे पाहिलं होतं. खोटा निघावा म्हणून आज पहिल्यांदाच तपासला होता, आणि काटा खरा होता.

घरी आल्यावर रूपालीने विचारलं, "किती?"

"काय किती?"

"नितीन, मी तीस वर्षं पार्सलं तोलली आहेत. तू मला उचलताना पूर्वी आधी श्वास घ्यायचास. हल्ली घेत नाहीस. किती?"

"चव्वेचाळीस."

"लग्नात बेचाळीस होते. आणखी दोन गेले की शालू बसेल."

सप्टेंबरात ते दोन गेले. शालू तिने काढायला सांगितला नाही.

ओटा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. लिंबू ठेवलं आणि ते जिथल्या तिथे राहिलं. नितीनने ते चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. श्रममापकाने त्याच दिवशी त्याला अर्धकुशल केलं, दर दोनशे साठ. त्याने रूपालीची खुर्ची ओट्यापाशी नेली. गुडघे व्यवस्थित आत गेले. तिने पातेल्याकडे हात नेला, आणि हात पातेल्याच्या कानापर्यंत जाऊन थांबला. कोपर ओट्याच्या वर येत नव्हतं.

मोजमापात चूक नव्हती. खुर्चीत बसलेल्या रूपालीचं कोपर त्याने एप्रिलमध्ये तीनदा मोजलं होतं. पण ती एप्रिलमधली रूपाली होती. पाठ धरून ठेवणारे स्नायू दरम्यान गेले होते आणि ती खुर्चीत दोन इंच खाली बसत होती.

"उशी घेऊया," तो म्हणाला.

"उशीवर मी कलंडते. माहीत आहे तुला."

त्याने टेप काढून तिचं कोपर पुन्हा मोजलं.

"राहू दे," रूपाली म्हणाली. "छान झालाय. तू कर चहा. मी बघते."

त्याने छिन्नी उचलली. दुसऱ्यांदा ओटा फोडायला त्याला एक दिवस लागला. गवंड्याला अर्धा लागला असता. सत्तावीस इंचांवर कडप्पा बसवताना त्याने लिंबू आणलंच नाही. तळहात फिरवूनच त्याला उतार कळत होता. दिवाळी होऊन गेली. फराळ शेजारच्या कुंभोजकरांकडून आला आणि तो पाहुणचार असल्याने रूपालीने एकच चकली खाल्ली.

नोव्हेंबरच्या मधल्या सोमवारी सकाळी तिने चहा केला. पाणी नितीनने भरायचं नाही, अशी अट होती. म्हणून नळही ओट्याच्या कडेला आणला होता. एक कप पाणी भरायला तिला चार मिनिटं लागली. साखरेचा डबा उघडायला दोन. आल्याचा तुकडा ठेचायला ती बत्ता उचलू शकेना, तेव्हा तिने तो तसाच टाकला. नितीन दाराला टेकून, हात पाठीमागे बांधून उभा होता. श्रममापकाने त्या पंचवीस मिनिटांची नोंद 'विश्रांती' अशी केली.

चहा पांचट झाला होता. साखर दोनदा पडली होती. दोघांनी तो प्यायला.

"काय अर्धकुशल, कसा झालाय?"

"गोड झालाय."

"असू दे," रूपाली म्हणाली. "ये कधीतरी पुन्हा."

असा चहा तिने अकरा दिवस केला. बाराव्या दिवशी तिची बोटं पातेल्याच्या कानाभोवती मिटली नाहीत. नितीनने पातेलं उचललं तेव्हा तिने डोळ्यांनीच साखरेचा डबा दाखवला, आणि एकच चमचा, असं बोटाने बजावलं. ते बोट अजून चालत होतं.

डिसेंबरच्या तेविसाव्या दिवशी सकाळी त्याने तिला पलंगावरून उचललं तेव्हा ती अर्ध्या वाटेत गेली. खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत त्याला कळलं होतं. तरी त्याने तिला नीट खुर्चीत ठेवलं आणि पायावरची शाल सारखी केली. चौतीस किलो. जिवंत असताना आणि नसताना वजनात काही फरक पडत नाही, हे त्याला निरीक्षक म्हणून माहीत असायला हवं होतं.

गल्ली अरुंद असल्याने शववाहिनी तोंडाशीच उभी राहिली. तिथपर्यंत तिला खांद्यावर नेलं. पायऱ्यांच्या जागी केलेल्या उतारावरून तिरडी हेलकावा न घेता खाली आली, आणि मागच्या खांद्याला असलेले कुंभोजकर, काहीतरी बोलायला हवं म्हणून, हलकेच म्हणाले, "उतार छान झालाय हो." नितीनच्या मनगटावरचा श्रममापक चालूच होता. लांबट माल, चौघांत, वाट्यास बारा किलो, साठ पावलं.

दिवस होऊन गेल्यावर त्याने न्हाणीघराचं दार हातात घेतलं. ते करायचं राहिलं होतं. चौकट चौतीस इंचांची झाली होती, फळ्या कापून पडल्या होत्या. आता ते रुंद असून उपयोग नव्हता, पण अर्धं सोडून देण्यातही काही अर्थ नव्हता. आजोबांचा रंधा त्याने दगडावर पाजळून घेतला आणि फळीवर ठेवला. सालपट निघालं ते तुटेचना. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब, पातळ, गुंडाळी होत गेलेलं. त्याने ते उचलून उजेडात धरलं. मनगटावर हलकीशी थरथर झाली आणि श्रममापकावर अक्षरं उमटली.

अभिनंदन. आपण कुशल आहात.

तो सालपट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. झालास की सांग, असं ठरलं होतं. ओट्यापाशी खुर्ची होती, गुडघ्यांची जागा होती. तो परत फिरला आणि दुसरी फळी घेतली.

नोटीस मार्चमध्ये आली. स्वश्रम मूल्यांकन कक्षाने वर्षभराचे तक्ते तपासले होते. मुजावर मॅडम ती घेऊन स्वतः घरी आल्या. खुर्च्यांपैकी कुठल्या खुर्चीत बसायचं हे त्यांना पटकन ठरवता येईना, मग त्या वेताचा मोडा ओढून बसल्या.

"वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "चढवणे-उतरवणे या सदरात एक नग माल वर्षात एक हजार सहाशे बावन्न वेळा हाताळल्याचे दिसते. मालाचे प्रारंभीचे वजन एक्कावन्न किलो. अखेरचे चौतीस. घट सतरा किलो. हा माल बांधकामात कोठेही वापरलेला आढळत नाही. सबब तो सध्या कोठे आहे, याचा खुलासा करावा." त्यांनी कागद खाली ठेवला. "पुढे पर्याय दिलेत. विकला, मोडीत काढला, परत केला, दुसऱ्यास दिला, अन्य."

'परत केला' या शब्दांवर नितीनची नजर थोडी रेंगाळली.

"यांना काही कळत नाही, सुतारसाहेब. मृत्यूचा दाखला जोडू. तो नग म्हणजे व्यक्ती होती, असं लिहून देऊ. मागच्या तारखेपासून सगळी शुश्रूषा ठरेल. कर बराच उतरेल."

"आणि तक्ते?"

"कोणते?"

"ते आकडे. एक्कावन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस."

"व्यक्ती ठरली की कलम सात लागतं," त्या सावकाश म्हणाल्या. "व्यक्तीची नोंद ठेवता येत नाही. त्या ओळी खोडल्या जातील. मूळ नोंद गेली की घरचे तक्तेही रद्द, जमा करावे लागतात."

"मग नको."

"वहीत उतरवून घ्या की. तारीखवार. मी बसते सोबत, आपण लिहू."

त्याने नाही म्हणून मान हलवली. हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण सत्तावीस वर्षं बाजारातल्या प्रत्येकाला त्याने एकच गोष्ट सांगितली होती, शिक्का नसलेलं वजन हे वजन नव्हे. एक हजार सहाशे बावन्न वेळा तिला उचललं, प्रत्येक वेळी ती इतकी होती, हे सांगणारा शिक्क्याचा कागद जगात एकच होता. सरकारी होता, चुकीच्या सदरात होता, पण खरा होता.

"वहिनी माल म्हणून राहतील मग," मुजावर मॅडम म्हणाल्या.

"तिनेच तसं ठरवलं होतं."

त्याने 'अन्य' समोर खूण केली. माल सध्या कोठे आहे, या प्रश्नापुढे दोन ओळी मोकळ्या होत्या. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं: घरातच आहे. मुजावर मॅडमनी ते वाचलं, काही दुरुस्ती सुचवली नाही आणि चहा करू का असं विचारलं. सत्तावीस इंचांच्या ओट्यावर त्यांना वाकून करावा लागला. कंबर धरून त्या म्हणाल्या की चहा चांगला उकळला आहे, आणि नितीन म्हणाला, हो, एकच चमचा साखर घाला.

निकाल पावसाळा संपता संपता आला. मूल्यांकनात म्हटलं होतं की ओटा प्रमाणित उंचीपेक्षा सात इंच बुटका असून सर्वसाधारण ग्राहकास गैरसोयीचा आहे. न्हाणीघराचे दार अवास्तव रुंद आहे. प्रवेशाच्या पायऱ्या काढून टाकल्या आहेत. सबब घराची किंमत कामापूर्वीच्या किमतीपेक्षा तीन लाख दहा हजार रुपयांनी कमी झाली आहे. किंमत वाढलेली नसल्याने श्रमाचे मूल्य शून्य. कर शून्य. मालाबाबतच्या खुलाशाची आवश्यकता उरलेली नाही.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. शून्य कराच्या नोंदी निकालाच्या दिनांकापासून नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. आक्षेप असल्यास तत्पूर्वी कळवावे.

निकाल कागदावर होता, टपालाने आला होता. त्यावरची तारीख एकशे चार दिवसांपूर्वीची होती.